शेवटचा बाइट

साहेबांनी सी भाषेत लिहिलेल्या कोडला हात लावणं म्हणजे सापाच्या शेपटीवर पाय देणं. पण दोष तिथंच होता. लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावरून यंत्राच्या मोटारीला निघालेला हुकूम तारेतून पुरता जायच्या आत तो कोड बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखा लाइन बंद करायचा. म्हणून त्यांच्या हाताखालच्या इंजिनिअर बाईनं आपल्या कोडमध्ये बिनकामाचं वाक्य स्क्रीनवर छापणारी ओळ घातली. छापण्यात वेळ जायचा, लाइन जरा उशिरा बंद व्हायची, तेवढ्यात हुकूम पुरता पोचायचा. तीच ओळ साहेबांना नेमकी गिऱ्हाइकांना यंत्र दाखवताना दिसली. "हा कचरा कुणाचा?" "माझा. काढला, तर तुमच्या कोडमुळे हुकमाचा शेवटचा बाइट..." "आधी सी शिकून ये, मग बोल." त्यांनी ओळ पुसली, प्रोग्रॅम चालवला. मोटारीची दातखीळ बसली. गिऱ्हाइकं घड्याळं बघू लागली. साहेबांचा आवाज मऊ झाला. "मघाशी काय सांगत होतीस गं?" "सी शिकून येते, मग बोलते," म्हणत तिनं पर्स उचलली.