द्रौपदीचा सराव

त्या रविवारी वस्तीतल्या बुद्धविहारात नऊ बायका, एक सतरंजी, छातीपुरता एक रबरी पुतळा आणि एक खुर्ची होती. खुर्चीवर माई बसल्या होत्या.

माई शिवमंदिर रस्त्यावरच्या सोसायटीतल्या. मागच्या महिन्यात सोसायटीत एका संस्थेचं प्रथमोपचाराचं शिबिर झालं तेव्हा सहा पुतळे आले होते. शिकणाऱ्यांपेक्षा पुतळेच जास्त. थांबलेलं हृदय छाती दाबून काही वेळ चालवता येतं, हे पलीकडच्या वस्तीत सांगायला मात्र कुणी गेलं नव्हतं. नुकतीच बी.एस्सी. झालेली प्रीती त्याच वस्तीतली. तिने त्या संस्थेच्या साहेबांना विचारलं, "सोसायटीतल्या म्हाताऱ्यांजवळ दिवसभर असतं कोण? आमच्या कामवाल्या बायकाच ना? त्यांना शिकवलं तर म्हातारे वाचतील."

साहेबांना लगेच पटलं. एक पुतळा मिळाला.

"दाब पाच सेंटिमीटरच्या पुढे गेला पाहिजे," प्रीतीने पुतळ्याच्या कुशीतली मोजपट्टी दाखवली. "काटा बघा."

माईंकडे काम करणारी द्रौपदी भिंतीला टेकून बसली होती. माई तिला दर रविवारी रिक्षाने घेऊन यायच्या आणि प्रीतीला बजावायच्या, "नीट दाखव गं पोरी. घरात आम्ही दोघीच असतो."

"मावशी, या ना," प्रीती म्हणाली.

"आज नको. बघते मी."

"लाजते काय गं?" मोतीबाईने चिडवलं. "रबराचा तर हाय! तुझ्या नवऱ्याला कोण नाय सांगणार."

बायका खिदळल्या. द्रौपदीही हसली, पण उठली नाही.

प्रीती तिच्या शेजारी जाऊन बसली. "मावशी, घरात कुणाचं हृदय थांबलं तर उल्हासनगरहून अँब्युलन्स यायला अर्धा तास लागेल. तोवर फक्त तुमचे हात. माई पंचाहत्तरच्या आहेत. त्यांना काही झालं तर?"

द्रौपदीचे डोळे भरले. "असं नको ना बोलू."

"मग उठा."

द्रौपदी भिंतीला धरून उठू लागली.

"बस खाली!" माई ओरडल्या. "द्रौपदे, तुला कुणी उठायला सांगितलं?"

त्यांनी पदर खोचला आणि खुर्चीला धरून सावकाश सतरंजीवर गुडघे टेकले.

"सरक पोरी. बघून झालं पुष्कळ. आता हात बसू दे."

"माई, तुम्ही कशाला? मावशी शिकतायत ना तुमच्यासाठी."

माईंनी पुतळ्याच्या छातीवर तळव्यावर तळवा ठेवला. "हिच्या हृदयाची झडप गेलीय. हिला कुणाला सांगायचं नव्हतं. ऑपरेशनला मार्चची तारीख मिळालीय. तोवर मला जमायला हवं."

काटा अडीचवर गेला. मग तीनवर. प्रीती मोठ्याने मोजत राहिली.

तिसावा दाब पाच सेंटिमीटर, दोन मिलिमीटर.