सुनेचा चहा

म्हाताऱ्याचं काय करावं, हे सासूबाईंना कळेनासं झालं होतं. जन्मभर बस चालवली, तेव्हा घरात इकडचा पेला तिकडे केला नाही. पाणीसुद्धा हातात द्यावं लागे. आणि निवृत्त झाल्यापासून दिवसभर स्वयंपाकघरात लुडबूड. हे झाक, ते उघड, ओट्यावरचं फडकं उचल आणि नको तिथे टाक. सारखा पायात पाय. काही माणसं दाराबाहेरच शोभतात, असं सासूबाईंचं ठाम मत होऊन गेलं होतं.

त्यात आज घरात नेटवाला बसलेला.

सून जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून काम करायची. कुठल्याशा दुकानाची गिऱ्हाइकं तिथे तक्रारी टाकत, ही एकेकाला उत्तर लिही. पण गेले काही दिवस मध्येच पान पांढरं पडे आणि वर लिहून येई, इंटरनेट नाही. गिऱ्हाईक अधांतरी, आणि नाव खराब सुनेचं. काल साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. आणखी एक गिऱ्हाईक असं सुटलं, तर काम दुसऱ्या कुणाला.

"तूच काहीतरी भलतं दाबत असशील," असं सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. पण काल सुनेचं ताट जसंच्या तसं परत आलं, आणि सकाळी नेटवाल्याला फोन त्यांनीच लावला. काय बोलल्या ते कुणी ऐकलं नाही. माणूस तासाभरात हजर झाला, तोही जरा घाबरलेला.

त्याने ब्राउझर उघडला, मिटला. आत साठलेलं सगळं पुसून टाकलं. दुसरा ब्राउझर घालून पाहिला. वायर हलवली. फ्रिजवरचा नेटचा डबा बंद करून चालू केला. बिघाड म्हणून सापडेना.

"लाईन तर लख्ख आहे, काकू."

"डॉक्टर दिसला की ताप पळतो, त्यातली गत," सासूबाई म्हणाल्या. "बसा. चहा घ्या. सोंग किती वेळ टिकतं ते बघू."

चहा झाला. नेटवाल्याने घेतला, म्हाताऱ्याने घेतला. सासूबाईंचा कप ओट्यावर राहिला, सगळ्यांचं झाल्यावर प्यायचा म्हणून. सुनेचा कोपराशी. कुणा बाईची नवी इस्त्री तापत नव्हती आणि ती बाई मात्र भलतीच तापली होती. सून तिची समजूत काढण्यात गुंतलेली. चहावर साय धरली.

म्हातारा चपला न वाजवता आला. सुनेचा कप उचलून आत गेला. मायक्रोवेव्हचं दार लागल्याचा आवाज आला, मग घुंऽऽ सुरू झालं.

"गेलं!" सून ओरडली. "बाई हातची गेली!"

नेटवाल्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. उठून तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला, कान देऊन. घुंऽऽ थांबलं. टेबलावर पान परत आलं.

"काकू, हे मशीन आणि तो डबा शेजारीशेजारी. दोघांच्या लहरींचा रस्ता एकच. हे चालू झालं की त्याला वाट मिळत नाही." त्याने मायक्रोवेव्हकडे बोट केलं. "पण एवढं सारखं सारखं गरम तरी काय करता?"

म्हातारा वाफाळता कप घेऊन उभा होता. साय चमच्याने काढून त्याने बशीत ठेवली होती.

"ती कामात असली की चहा विसरते," तो कपालाच सांगितल्यासारखं बोलला. "मग मी आपला गरम करून नेतो. नेमकं तेव्हाच तिचं नेट जातं. तेवढीच उसंत मिळते, पिते बिचारी. मला वाटायचं, बरं झालं, वेळेवर आणला."

सून त्याच्याकडे बघतच राहिली. पडद्यावर इस्त्रीवाली बाई विचारत होती, आहात ना? सुनेने वळून एका हाताने उत्तर लिहायला घेतलं आणि दुसरा हात मागे केला.

"द्या बाबा. आणलाच आहे तर."

नेटवाला डबा उतरवून टेबलाकडे नेऊ लागला. बाहेर वाईट दिसतो म्हणून तो फ्रिजवर चढवायचा हुकूम मुळात सासूबाईंचा. पण तो विषय काढायची कुणाची छाती झाली नाही.

त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. त्या बशीतल्या सायीकडे पाहत होत्या. सुनेला साय चालत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेजारी ओट्यावर त्यांचा स्वतःचा कप होता. साय त्यावरही धरली होती.

"अहो," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"जन्मभर बस हाकलीत, आणि घरी बसून पोरीचा रस्ता अडवलात. यापुढे त्या मशिनीला हात लावायचा नाही. गॅस पेटवायचा, पातेल्यात तापवायचा. आणि दोन कपांचा तापवायचा. साय मलाही चालत नाही."