लांब दोरीचा बैल

"दोरी लांबच ठेवतो," पुनाराम म्हणाला. "ओढनाऱ्याले वाकायले नको."

कुंदाबाईनं मान वर केली नाही. ती बैलाच्या झुलीला टीप घालत होती आणि तिचे गुडघे सकाळपासून ठणकत होते. उद्या तान्हा पोळा. गावातली पोरं लाकडी बैल सजवून शाळेपुढच्या मैदानात आणणार, आणि मग घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागणार. चार वर्षांच्या नातवाला कशाला वाकावं लागतंय, असं तिच्या मनात आलं. पण बोलायचा कंटाळा आला होता.

पुनाराम बहात्तरचा. तीस वर्षं गोंदियाच्या राइस मिलमध्ये मिस्त्री होता. राखीनंतर दोन दिवसांनी त्यानं तिरोड्याहून सागाचा ठोकळा आणला आणि तेव्हापासून हा माणूस कामातून गेला. जेवायला चार हाका माराव्या लागत. धानाच्या बांधीतलं निंदण तसंच पडलं होतं. पानठेल्यावरची माणसं हसत होती, म्हातारा पुन्हा पोरांत आला म्हणत होती. तो त्यांच्यासोबत हसायचा आणि परत येऊन बैलाचे कान घासायचा.

कुंदाबाई थकली होती ती मात्र दुसऱ्याच गोष्टीनं. चार दिवसांपूर्वी पुण्याहून सुनेचा, रीताचा फोन आला होता. मुलाला, भूपेंद्रला सुट्टी मिळाली नव्हती, त्यामुळे नातू ओमेशला घेऊन यंदा येणं जमत नव्हतं. बाबांना कसं सांगायचं, असं रीतानं विचारलं, तेव्हा मी सांगते म्हणून कुंदाबाईनं ते आपल्या अंगावर घेतलं.

आणि सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात पुनारामच्या छातीत दुखलं होतं. मनाला लागेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. ती रोज ठरवून अंगणात यायची आणि हा गडी शिंगांना बेगड चिकटवत गुणगुणत बसलेला असायचा. मग ती चहा ठेवून परत आत जायची. चार दिवस तिला धड झोप नव्हती.

"भूपेंद्रची माय," त्यानं हाक मारली. "तुया बापाघरी चांद्या बैल होता ना? त्याच्या कपाळावरचा टिका कोन्या बाजूले होता?"

"डाव्या. आता तो कायले पाह्यजे?"

"खऱ्यासारका दिसला पाह्यजे."

तिला हे बैलाचं प्रकरण कधीच आवडलं नव्हतं. ती दुसरीत असताना बापानं चांद्यासारखाच एक लाकडी बैल केला आणि तो भावाला, योगराजला दिला. पोरीच्या जातीला बैल कशाला, म्हणाला. योगराज बैल ओढत पुढे आणि कुंदा आरतीची थाळी घेऊन मागे. त्याच वर्षी धाकट्यांना सांभाळायला तिची शाळा सुटली. हे तिनं पुनारामला एकदाच सांगितलं होतं, रोवणीच्या चिखलात. तो 'हूं' म्हणाला होता आणि पुढे रोवत गेला होता. आता योगराजही नव्हता. तो गेल्यापासून तिला नावानं हाक मारणारंही कोणी उरलं नव्हतं. ती कुणाची माय होती, कुणाची आजी होती.

संध्याकाळी पुनारामनं दार लावून बैलाच्या पोटाखाली नाव लिहिलं. मैदानात दोनशे बैल येतात, अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या पोटावर नाव आणि वर्ग लिहायची इथली रीत आहे. कुंदाबाई आत आली तसा त्यानं बैल घाईघाईनं उभा केला.

"रंग ओला हाये. हात नको लावू."

आता ते नाव रॉकेलनं पुसावं लागणार. पुसून बैल शेजारच्या अंजूला द्यावा, निदान मैदानात तरी जाईल, असं तिनं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला बैल उंबऱ्यापाशी तयार होता. झूल, घुंगरू, बेगड, डाव्या बाजूला पांढरा टिका. पुनारामनं धुतलेला सदरा घातला होता आणि आरतीची थाळी हातात घेतली होती. शाळेकडून डफड्याचा आवाज येऊ लागला होता.

"थाळी कायले घेतली?" तिनं विचारलं.

"मांगून कोनीतं थाळी धरली पाह्यजे ना."

ती भिंतीला धरून खाली बसली. थाळी घेऊन हा नातवाची वाट पाहत दारात उभा राहणार, हे तिला पाहवेना.

"ओमेश येऊन नाही राहिला," ती म्हणाली. "पाच दिवस झाले रीताचा फोन येऊन. मीच तुमाले बोलली नाही."

तिनं त्याच्या छातीकडे पाहिलं. त्याचा हात छातीकडे गेला नाही. त्यानं थाळीतला दिवा वाऱ्याच्या आड केला.

"मले मालूम हाये. भूपेंद्रनं राखीच्या दिवशीच सांगलन. कोनाले बोलू नको म्हनलं मीच त्याले."

कुंदाबाईनं मनात दिवस मोजले. राखीच्या दिवशी. आणि ठोकळा आला तो त्यानंतर दोन दिवसांनी.

"मंग पोटावर कोनाचं नाव टाकलं?"

"वाच ना. तुले येते वाचता."

तिनं बैल मांडीवर आडवा घेतला. घुंगरू वाजले. निळ्या रंगातली अक्षरं जरा वाकडी होती. शाळेत शिकली होती तसं तिनं एकेका अक्षराखाली बोट ठेवलं.

कु. कुंदा. वर्ग दुसरा.