म्हाताऱ्या झाडाच्या बिया

रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्या झाडाला बारा वर्षं बी धरली नव्हती. यंदा मात्र ते शेंगांनी लगडलं. एक तरी भरलेली बी निघाली तर ते तोडायचं नाही, असं ठरलं होतं.

तपासनीस बाईंनी खोलीत बसून पहिली बी कापली. ती पोकळ निघाली. बाहेर झाडाखाली कुणीतरी कण्हलं.

दुसरीही पोकळच होती. आता कण्हणं दाराशी ऐकू आलं.

"काका, कुणाला लागलंय का बघा हो."

माळीकाकांनी दार उघडून पाहिलं. "चिटपाखरूही नाही, बाई. राहू द्या आता."

"अहो, झाडाचं वय झालंय, म्हणून पोकळ निघतायत," म्हणत त्यांनी तिसरी कापली.

कण्हणं अगदी जवळून आलं. काका पांढरेफटक पडून बाईंच्या तोंडाकडे बघत होते. बाईंनी ओठ चाचपले. ते घट्ट मिटलेले होते, आणि कण्हणं आतून चालूच होतं.