अप्पांच्या मापाची खुर्ची

"काढ ती खुर्ची," धोंडप्पाकाका म्हणाले. "आज न्हाय म्हणायचे न्हाईत."

सकाळच्या गाडीनं पंचाक्षरी हैदराबादहून तेरला उतरला होता, हातातली पिशवीही अजून खाली ठेवली नव्हती. तो तसाच माळ्यावर चढला. कडब्याआड चार वर्षं पडलेली सागवानी खुर्ची त्यानं खाली आणली आणि उपरण्यानं पुसायला बसला.

हैदराबादच्या हुन्नरशाळेत सुतारकी शिकताना केलेलं त्याच्या हातचं हे पहिलं काम. पहिल्याच सुट्टीत लई हौसेनं त्यानं ते वडिलांसाठी आणलं होतं. शिवप्पा भुसार दुकानदार, जन्मभर गादीवर मांडी घालून बसलेला माणूस. म्हणून बैठक मुद्दाम रुंद केलेली. पण शिवप्पांनी तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"निजाम सरकारच्या कचेरीत खुर्चीवर बसणारा पोरगा पाहिजे हुता मला," ते म्हणाले. "खुर्च्या करणारा न्हाय."

त्यांचं तरी काय चुकलं? उर्दूत पहिला येणारा मुलगा रंधा मारायला गेला, म्हणून बाजारात लोक तोंडावर हसत. कळंबचं ठरत आलेलं स्थळ तेवढ्यावरून मोडलं. पंचाक्षरी मात्र दर सुट्टीत एकच म्हणायचा, अप्पा, एकदा बसून तर बघा. शिवप्पा उठून दुकानात जायचे. परतीच्या गाडीत दर खेपेला पोराला रडू फुटायचं.

आज अंगण माणसांनी भरलं होतं. हसणारेही आले होते, कळंबचे पाहुणेही. नवं धोतर, रेशमी पटका, कपाळभर भस्म, गळ्यात झेंडूचे हार, असे शिवप्पा भिंतीला टेकून बसले होते. पंचाक्षरी पाया पडला. आज त्यांनी पाय मागं घेतले नाहीत.

काका-पुतण्यानं धरून त्यांना खुर्चीत बसवलं. मांडी अगदी नीट मावली.

"बराबर मापाची केलीस की रं," काका म्हणाले.

कुणी हसलं नाही. पंचाक्षरी वडिलांच्या तोंडाकडं बघत राहिला. 'बरी झालीय' एवढंच त्यांच्या तोंडून त्याला ऐकायचं होतं.

मग खुर्चीला दोन्ही अंगांनी वासे बांधले, ते चौघांनी खांद्यावर घेतले आणि सगळे मळ्याकडं निघाले. तिथं शिवप्पांना मांडी घालून बसवण्याएवढा खड्डा सकाळीच खणून झाला होता.