डाव्या हाताची सुरी

नवी सून डावखुरी होती. तिने काकडी चिरली की चकत्या तिरक्याच उतरायच्या. "हिचा हातच वाकडा!" नणंद चिडवायची, सून मान खाली घालून चिरत राहायची. सुतारकामात जन्म गेलेले सासरे मात्र सुरीकडे बघत राहायचे. एका रविवारी त्यांनी दगडावर पाणी शिंपडलं आणि दिवसभर ती सुरी घासली. संध्याकाळी सुनेला हाक मारून म्हणाले, "पोरी, हिची धार एकाच बाजूने होती, उजव्या हाताची. आता दुसऱ्या बाजूने काढलीय, तुझ्यासाठी. बघ चिरून." चकती सरळ, पातळ, अलगद पडली. सून हरखली, पण लगेच घाबरली. "बाबा, आता आईंना हिने चिरता येणार नाही!" "मीच सांगितलं त्यांना," आतून सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी चिरलं, आता बसून खाईन!" घरातल्या सगळ्या काकड्या सुनेने चिरून टाकल्या.