बेडूक आळीची माती

कळा चार-चार मिनिटांवर आल्या होत्या आणि सासूबाई पलंगाखाली वाकून मातीची पिशवी सरकवत होत्या.

"आणखी थोडी पायाकडे," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "डोकं तिकडूनच यायचंय."

"आर्जीयाबाई, हे हॉस्पिटल आहे," सिस्टर म्हणाली.

"मग? बाळंतपणं काय न्हाव्याकडे होतात?"

सिस्टरने मान फिरवली. गावातली प्रत्येक बाळंतीण अशीच पिशवीवर झोपायची, तिला यात नवीन काही नव्हतं.

लोरेदाना कोंबडा आळीची. तिचा नवरा तुल्यो, वय तीस, बेडूक आळीचा. पोर ज्या आळीच्या मातीवर जन्मेल त्या आळीचं, मरेपर्यंत. लग्नाआधी सासूबाईंनी एकच अट घातली होती: पोरं बेडकांची. लोरेदाना हो म्हणाली होती. प्रेमात माणूस कशालाही हो म्हणतं.

एरवी काही बिघडत नसे. पण ऑगस्टात आळ्या-आळ्यांमधली गाढवांची शर्यत आली, की तुल्यो बॅग भरून चार दिवस आईकडे जायचा आणि ती बाबांकडे. तिकडे बेडूकवाले भर रस्त्यात टेबलं मांडून कोंबडे भाजून खायचे. इकडे कोंबडेवाले बेडकाच्या तंगड्या तळून खायचे. बाहेरगावचे पाहुणे दोन्हीकडे ताव मारायचे, फोटो काढायचे आणि विचारायचे, हे भांडण गमतीचंच ना? त्यांना कोणी उत्तर देत नसे. शर्यत संपली की तुल्यो परत यायचा, आणि ज्याचं गाढव हरलं त्याने आठवडाभर भांडी घासायची.

यंदाची शर्यत आठ आठवड्यांवर होती.

"आई, तेव्हा ते अंगावर पीत असेल हो," लोरेदानाने कालच म्हणून पाहिलं होतं.

"बाटली असते की," सासूबाई म्हणाल्या होत्या. "चार दिवसांत काय वाळतंय ते?"

दूध सुटेल एकदाचं. पण पुढे? दर वर्षी चार दिवस पोराच्या गळ्यात हिरवा रुमाल. आजी शिकवणार, कोंबडेवाली दिसली की थुंकायचं. आणि कोंबडेवाली म्हणजे त्याचीच आई.

पुढची कळ येऊन गेली, तसं लोरेदानाने ठरवलं.

"आई, तुल्योला बघता का जरा? बाहेर चक्कर येऊन बसलाय म्हणे."

ते खरंच होतं. सासूबाई लगबगीने गेल्या. लोरेदानाने उशीखालून फोन काढला.

तिचे बाबा, सेत्तीमो, पस्तीस वर्षं पालिकेचे माळी. गावातलं प्रत्येक झाड त्यांच्या हाताखालून गेलेलं. स्वभावाने गोगलगाय, पण बेडकांचं नाव काढलं की डोकं फिरायचं. लेकीच्या लग्नात व्याह्यांशी हात मिळवताना त्यांनी कामाचे हातमोजे घातले होते.

"बाबा, पटकन या. परसातली मूठभर माती घेऊन या. सासूबाई बाहेर आहेत, पिशवीच बदलून टाकू."

"राहू दे गं," बाबा म्हणाले.

"काय?"

"त्यांचीच माती असू दे. उगाच धावपळ नको. तू श्वास घे नीट."

"बाबा! पोर बेडूक होईल!"

"घे, श्वास घे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

लोरेदाना हमसून रडली. कळांमुळे, असं सिस्टरला वाटलं. तिने कमरेवरून हात फिरवला.

साडेपाचला मुलगी झाली. तीन किलो दोनशे. इवलीशी, लालेलाल, मुठी आवळलेली. लोरेदानाने तिला छातीशी धरलं, तिच्या ओल्या टाळूवर ओठ टेकले, आणि तेवढ्यात सासूबाईंनी हिरवा रुमाल पसरला. हातसुद्धा धुतले नव्हते.

"पायऱ्यांवरच्या कुंडीतली माती हो!" त्या सिस्टरला सांगत होत्या. "आमच्या आळीत पायाखाली सगळा दगड. माती म्हणाल तर चर्चच्या पायऱ्यांवरच्या चार कुंड्यांत. लाल जिरेनियमच्या फुलांच्या. पाहुणे रांग लावून फोटो काढतात. आम्ही मात्र बाळंतपणापुरतीच काढतो, चमच्याने."

संध्याकाळी बाबा आले. टोपी हातात धरून नातीकडे बघत राहिले. लोरेदानाने तोंड भिंतीकडे वळवलं. बाबांनी पलंगाखालून पिशवी ओढली. चिमूटभर माती बोटांवर चोळली, हुंगली.

"कोंबडीखत," ते समाधानाने म्हणाले.

लोरेदानाने मान वळवली.

सासूबाई पाळण्यात गुंतल्या होत्या. बाबा लेकीच्या कानाशी वाकले. "पालिकेची माती म्हणजे नुसती रेती. त्यात जिरेनियम तग धरेना. म्हणून ढकलगाडी भरून आपल्या परसातली नेऊन घातली. पहिल्या वर्षी आळसापोटी." ते मिशीतल्या मिशीत हसले. "नंतर मजा वाटायला लागली."

"त्या कुंड्यांत?"

"चारही. दर वसंतात."

"किती वर्षं?"

"लागलो तेव्हापासून. पस्तीस. ते चार दिवस खुशाल पाठव तिला. आपलंच पोर पाहुणं गेलंय असं समज."

लोरेदानाला हसू फुटलं. टाके ताणले गेले तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय म्हणतायत गं व्याही?" सासूबाईंनी रुमालाची गाठ नीट करत विचारलं.

"काही नाही, आई. म्हणतायत, माती फार चांगली आहे."

"असणारच!" सासूबाईंचा ऊर भरून आला. "माझा तुल्योसुद्धा ह्याच कुंडीतल्या मातीवर जन्मलाय."